जागच्या जागी

"कंटी, कप कुठल्या हातात होता?" डायरेक्टरनं विचारलं आणि नेहमीप्रमाणे सगळा सेट तिच्याकडे बघायला लागला. सोमवार, सकाळचे सव्वाअकरा. मालिकेतल्या स्वयंपाकघरात मालिकेतली आई कप घेऊन उभी होती, आणि तो हात डावा की उजवा ह्यापायी पंचवीस माणसांचा खोळंबा झाला होता. तशी तिला फोन काढायची गरजच नव्हती. डावा. कपाचा कान खिडकीकडे, उजव्या बाहीची घडी कोपराखाली दोन बोटं, आणि कपात चहा अर्ध्याहून जरा कमी, कारण शुक्रवारी तिसऱ्या टेकला आईचं काम करणाऱ्या बाईंनी खरंच घोट घेतला होता. हे तिचं कामच होतं. एक प्रसंग आज अर्धा चित्रित व्हायचा आणि उरलेला चार दिवसांनी. मधल्या काळात कुणाचा भांग बदलू द्यायचा नाही, मनगटावरचं घड्याळ ह्या हातातून त्या हातात जाऊ द्यायचं नाही, ग्लासातलं पाणी खालीवर होऊ द्यायचं नाही. कशालाही हात लावायच्या आधी फोटो काढायचा, आणि मग सगळं फोटोबरहुकूम जागच्या जागी लावून द्यायचं. ह्या कामाला कंटिन्युइटी म्हणतात. त्याचं सेटवर 'कंटी' झालं आणि चार वर्षांपूर्वी जे चिकटलं ते चिकटलंच. घरी तिच्या आईला हे नाव मुळीच खपत नसे. "कंटी काय? कंटाळ्याची धाकटी बहीण?" पण सेटवर ज्याचं जे काम तेच त्याचं नाव, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. कारण वाद कुठलाही असो, शेवटी कुणीतरी म्हणायचंच, कंटीला विचारा. आणि कंटीनं सांगितलं की विषय संपायचा.

"डावा," ती म्हणाली. पण बाईंना फोटो बघितल्याशिवाय पटत नसे. म्हणून तिनं फोन उघडला आणि शुक्रवार गाठायला अंगठा वर-वर सरकवू लागली. आज सकाळचे पडदे, ओट्यावरची बरणी, बाईंच्या कानातलं. त्याच्या वर एक बूट. हा कुठला एपिसोड, असं तिच्या मनात आलं. खरंच तेवढंच आलं. बूट निळा, कॅनव्हासचा, उजव्या पायातला, पुढच्या रबरावर लाल नेलपेंटचा ठिपका. तो ठिपका तिच्याच हातून पडला होता, गेल्या महिन्यात, बसमध्ये. बूट तिचा होता. मात्र लेस तिनं बांधलेली नव्हती. ती कधीच अशी बांधत नसे. सेटवर जमिनीवर वायरींचा बुजबुजाट, एकदा लेस अडकून लाइटसकट आडवी झाली होती, तेव्हापासून गाठ मारून दोन्ही टोकं बुटाच्या आत खोचायची, ही तिची सवय. फोटोत टोकं बाहेर होती. दोन्ही बाजूंना दोन मोठे फासे, आणि त्या फाशांना घेऊन वर पुन्हा एक गाठ. घट्ट, सारखी, मापात. खाली तारीख होती रविवारची, म्हणजे कालची. संध्याकाळचे सात वाजून बावीस मिनिटं.

"अगं सापडला का?"

"डावाच," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच आला, ह्याचं तिलाच नवल वाटलं. तिनं मान वर केली. समोर कॅमेऱ्याची ट्रॉली होती. ट्रॉलीच्या दांड्याला काळी केबल गुंडाळून बांधलेली होती, आणि तिच्यावर तीच गाठ होती. दोन फासे, वर पुन्हा एक. सगळ्या सेटला माहीत असलेली गाठ. फोकसची गाठ. ती त्याच्याशिवाय कुणाला मारता येत नसे आणि त्याच्याशिवाय कुणाला सुटत नसे. लाइटवाले चिडून म्हणायचे, ह्याला लग्नात नेऊ नका रे, कायमचा अडकवून ठेवेल कुणालातरी. आणि सगळे हसायचे. तीही हसायची.

फोकस हा फोकसचं काम करायचा, म्हणजे कॅमेऱ्याशेजारी उभं राहून माणूस जवळ आला, लांब गेला, तरी त्याचा चेहरा स्पष्ट राहील हे बघायचं. वय सत्तावीस, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. गोड बोलणारा. कुणाचा वाढदिवस विसरायचा नाही, कुणाचं दुखलंखुपलं की पाणी घेऊन हजर. "असा मुलगा शोधून सापडायचा नाही," असं मेकअपची बाई येताजाता म्हणायची. आत्ता तो टेपची डबी हातात खेळवत तिच्याकडेच येत होता, कारण बाई चेहऱ्याला टचअप करून घ्यायला गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी मापासाठी कुणीतरी उभं राहायला हवं होतं. अशा वेळी नेहमी तीच उभी राहायची. उंची सारखी होती. "चल गं, दोन मिनिटं," तो म्हणाला, आणि ती गेली. हे तिला नंतर कितीतरी वेळ कळेना, की आपण गेलो कसे. पाय उचलले गेले. ओट्यापाशी जाऊन ती कप डाव्या हातात धरून उभी राहिली. त्यानं टेपचं टोक कॅमेऱ्याला अडकवलं आणि पिवळी पट्टी ओढत ओढत तिच्या डोळ्यापर्यंत आणली. त्याचा अंगठा तिच्या गालापासून इंचभर लांब. साबणाचा वास. "हलू नकोस," तो म्हणाला.

ती हलली नाही. आणि तेव्हा अंगाला आधी कळलं, डोक्याला मागून. बोटं बधिर झाली. हे दोन शब्द ह्या आवाजात आपण ऐकलेत. इथे नव्हे. असं उभं राहून नव्हे. कुठे? पुढे काहीच नव्हतं. मध्ये कुणीतरी दिवा घालवला होता आणि पलीकडची खोलीच नव्हती. कपातला चहा हातावर सांडला. "बाई गं, कंटीच्या हातून सांडलं," कुणीतरी ओरडलं, "आज सूर्य कुठून उगवलाय बघा रे!" हशा पिकला. फोकसही हसला, आणि टेप सर्रकन डबीत शिरली.

"मला जरा बरं वाटत नाहीये," ती डायरेक्टरला म्हणाली. चार वर्षांत हे वाक्य तिनं पहिल्यांदा उच्चारलं. तो गडबडला. जा, बस जरा, म्हणाला. ती कपडेपटाच्या खोलीत गेली, कडी लावली आणि इस्त्रीच्या टेबलाखालचं स्टूल ओढून बसली. हँगरवर सगळ्यांचे कपडे चिठ्ठ्या लावून टांगलेले होते: आई, सून, धाकटा दीर. तिनं फोन पुन्हा उघडला. बुटाच्या वर आणखी दोन फोटो होते. एक शर्टाच्या बटणांचा, एक टेबलावरच्या सरबताच्या ग्लासाचा. तिन्हींची वेळ एकच, सात बावीस. हे आपणच काढले. कशालाही हात लावायच्या आधी फोटो. डोकं जागेवर नसताना हातांनी आपलं काम चोख केलं होतं.

आता काल काय झालं ते नीट बघू या, असं तिनं स्वतःला बजावलं, जसं एखाद्या विसराळू नटाला समजवावं. काल सुट्टी. दुपारी एकला फोकसच्या घरी, वरच्या गच्चीत जेवण. आठ जण. ताडपत्री बांधलेली, ऊन, तिच्या पायात हेच बूट. गच्ची तापलेली म्हणून कुणीच बूट काढले नव्हते. सव्वाला मेकअपच्या बाईनं सगळ्यांचा एकत्र फोटो काढला होता. मग जेवण. मग कुणीतरी म्हणालं, फोकसच्या हातचं सरबत प्यायल्याशिवाय जायचं नाही, आणि त्यानं सगळ्यांना ग्लास आणून दिले होते. तिचा ग्लास त्यानं वेगळा धरला होता, "तुझ्यात साखर कमी." कारण तिला साखर कमी लागते हे त्याच्या लक्षात होतं. तेव्हा तिला किती बरं वाटलं होतं! जगाचं सगळं आपण लक्षात ठेवायचं आणि आपलं कुणीतरी लक्षात ठेवलंय. शेजारी बसलेल्याच्या घड्याळात दोन दहा झालेले तिला आठवत होते. नंतर जिना आठवत होता, अर्धा. नंतर सोफा, अंगावर शाल, खिडकीत अंधारून आलेलं, आणि जीभ टाळ्याला चिकटलेली. घरात दुसरं कुणी नव्हतं. तो समोरच्या खुर्चीत बसून मोबाइल बघत होता. "उठलीस? काय झोपतेस बाई! सगळे चारला गेले. तुला उठवायला मन होईना."

"मला काय झालं?" असं तिनं विचारलं होतं.

"म्हणजे? अगं, डोकं दुखतंय म्हणालीस, आणि पर्समधून ब्रेक काढून घेतलास. आठवत नाही?"

आणि इथे तिनं ती चूक केली. कंटीला आठवत नाही, असं कसं होईल? जिला शुक्रवारच्या कपातला चहा आठवतो तिला त्या दुपारचे पाच तास आठवत नाहीत, हे कुणाला सांगणार? लाज वाटली. घेतला होता का आपण ब्रेक? घेतला असेल. आणि ती म्हणाली, "हो हो, आठवतंय ना." फट्कन. न विचार करता. परीक्षेत न आलेल्या उत्तरासारखं ठोकून दिलं. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा काहीतरी सैल झालं होतं. तिनं ते पाहिलं होतं आणि ती त्याला माया समजली होती.

ब्रेक म्हणजे झोपेची गोळी. सेटवर हे नाव पडायला कारणही होतं. चार दिवस पहाटे पाचची पाळी, मग चार दिवस रात्रीची. झोप येणार कुठून? मग कुणी काकांच्या नावावरची चिठ्ठी आणायचं, कुणी ओळखीच्या दुकानातून, आणि "एक ब्रेक दे ना" असं मागणं पेन मागण्याइतकं साधं झालं होतं. वाईट वाटायचं कारणच नव्हतं, सगळेच घेत होते. आणि सगळ्यांच्या गरजेच्या वस्तू कुणाच्या पर्समध्ये? कंटीच्या. सुई, टाचण्या, बाम, सेलोटेप, ब्रेक. तिनं पर्स ओढली आणि पाकीट काढलं. शनिवारी फोकस आला होता, डोळे चोळत. "दोन दे. उद्या तुम्ही सगळे येणार, आज झोपलो नाही तर उद्या मेलो." तिनं कात्रीनं दोन कापून दिल्या होत्या, "एकच घे हं एका वेळी," असं दटावूनसुद्धा. त्या दोन कापल्यानंतर पाकिटात पाच राहिल्या होत्या. आत्ताही पाच होत्या. म्हणजे रविवारी तिनं स्वतः घेतलेली नव्हती. म्हणजे तिनं आपल्या हातानं, आपल्या कात्रीनं. तिला तो विचार पुरा करवेना. तोंडावर दोन्ही हात घेऊन ती बसून राहिली. हातांना चहाचा वास येत होता.

पण नाही, असं कसं, तो असा नाही, असं मनातलं कुणीतरी अजून वकिली करतच होतं. झोपलीस, त्यानं शाल घातली, बूट काढले असतील, पाय अवघडू नयेत म्हणून. आईनंसुद्धा काढले असते. हो. काढले असते. आणि तिथे ती अडकली. झोपलेल्या माणसाचे बूट मायेनं कुणीही काढतं. पण मायेनं काढलेले बूट तसेच सोफ्याखाली राहतात, माणूस उठून आपले घालतो. झोपलेल्या माणसाला बूट परत घालून, लेस ओवून, गाठ मारून कोण ठेवतं? तिला माहीत होतं कोण ठेवतं. हे काम तिचंच होतं की! जे मध्ये घडलं ते मुळी घडलंच नाही असं दिसायला हवं असेल, तर आधीच्या फोटोसारखं सगळं परत लावून ठेवावं लागतं. त्यानंही लावलं होतं. शर्टाचं वरून दुसरं बटण त्याच्याकडून सुटलं होतं आणि लेस त्याच्या सवयीनं बांधली गेली होती. हाताची सवय जात नाही. आणि राहिलेलं काम मग तिनं पूर्ण केलं. उठल्यावर काहीतरी जुळत नाही एवढंच जाणवत होतं, अंगात दुखत होतं, कुठे दुखतंय त्याच्याकडे मन बघायला तयार नव्हतं. आणि तिनं काय करावं? न्हाणीघरात जाऊन मेकअपच्या बाईचा तो सव्वाचा फोटो उघडला आणि आरशासमोर उभी राहून स्वतःला त्याच्याशी जुळवलं. बटण लावलं. भांग नीट केला. लेस सोडून आपल्या पद्धतीनं बांधली, टोकं आत खोचली. तोंड धुतलं. घरी जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं, दोनदा. कपडे साबणाच्या पाण्यात टाकले. पुरावा म्हणून जे जे असेल ते ते तिनं स्वतःच्या हातानं, इतकं मन लावून पुसून काढलं होतं की त्यानं पगारी मदतनीस ठेवला असता तरी इतकं चोख काम झालं नसतं.

तिला हसू आलं. खरंच आलं, घशातून, घाणेरडं. मग तिनं तोंडात ओढणीचा बोळा कोंबला, हँगरवरच्या सुनेच्या ओढणीचा, कारण बाहेर टेक सुरू होता आणि "सायलेन्स" असं ओरडलेलं ऐकू आलं होतं.

त्या ओढणीला टाचणी होती. टाचणी तळहातात घुसली, आणि पिन आठवली. नाही, आठवली म्हणणं खोटं; पिन तिला ह्या खोलीत शिरल्यापासून दिसत होती, ती बघत नव्हती. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत हे स्टूल पिनचं होतं. कपडेपटातली बावीस वर्षांची मुलगी, कमरेला कायम ॲप्रन, त्यावर ओळीनं टाचण्या, म्हणून पिन. हसरी, वेंधळी, कामाला वाघ. एका दुपारी शूटिंग लवकर आटोपलं होतं आणि पाचसहा जण इथेच गप्पा मारत बसले होते, फोकसही होता. दुसऱ्या दिवशी पिन डायरेक्टरच्या केबिनमध्ये जाऊन रडत म्हणाली की काल दुपारी माझ्याबरोबर काहीतरी झालंय, मी बाकावर झोपले होते, मला काही आठवत नाही, पण झालंय. डायरेक्टर बिचारा घाबरला. अशा वेळी तो जे करायचा तेच त्यानं केलं. कंटीला बोलावलं. आणि कंटीजवळ फोटो होते! बाक दुसऱ्या दिवशीच्या प्रसंगात लागणार होता म्हणून तिनं दोनला एक आणि सहाला एक काढला होता, आणि दोन्हींत बाकावर झोपलेली पिन आली होती. तिनं ते शेजारी शेजारी धरून दाखवले. "हे बघा सर. बाह्या तशाच, केस तसेच, ॲप्रन तसाच. सगळं जागच्या जागी आहे." आणि मग, कुणी विचारलं नसताना, पिनकडे बघून, जरा मोठ्या बहिणीच्या सुरात: "अगं, झेपत नाही तर ब्रेक घ्यायचा कशाला?" पिननं तिच्याकडे पाहिलं होतं. भांडली नाही, ओरडली नाही. फक्त पाहिलं. आठवड्याभरानं ती यायची बंद झाली. कंटीनं सांगितलं म्हणजे विषय संपायचा, तसा तोही संपला.

तिनं तीन महिने मागे जाऊन ते दोन फोटो काढले. पिन भिंतीकडे तोंड करून झोपलेली, पाठ कॅमेऱ्याकडे. दोनच्या फोटोत ॲप्रनची नाडी पाठीवर साधी बांधलेली, एक टोक लांब, एक आखूड; पिन कसलीच गाठ नीट मारत नसे. तिनं सहाचा फोटो दोन बोटांनी मोठा केला. दोन फासे. वर पुन्हा एक. घट्ट, सारखी, मापात.

तिला ओकारी आली. इस्त्रीच्या टेबलाशेजारी बादली होती. आपल्या बाबतीत जे झालं ते एक; ते कळून एक तास झाला होता आणि ते अजून तिच्या अंगाबाहेर कुठेतरी उभं होतं, आत यायची वाट बघत. पण हे? हे तीन महिने तिच्याच फोनमध्ये होतं. तिनं ते पाहिलं होतं. ग्लासातलं बोटभर पाणी जिच्या नजरेतून सुटत नाही तिनं ते हातात धरून चार माणसांना दाखवलं होतं, आणि ठासून सांगितलं होतं की काही झालेलं नाही. तेव्हा तिचं ऐकलं नसतं, पिनचं ऐकलं असतं, तर कालची गच्ची झालीच नसती. हे तिला इतकं स्पष्ट दिसलं की ती जागेवरून उठून उभीच राहिली.

मग तिनं आईला फोन लावला. आई घरीच कपडे दुरुस्त करून द्यायचं काम करायची, चेन बदल, दुमड उसव, बाही कमी कर. फोनमध्ये शिलाई मशीन चालू असल्याचा आवाज येत होता.

"आई, बादलीत माझे कालचे कपडे आहेत. ते धुऊ नकोस."

"कधीच वाळत घातले मी. रात्रभर साबणात ठेवतात का कुणी? रंग उतरला असता. का गं? खिशात काही होतं का?"

"हो."

"मी खिसे बघते बाई नेहमी. काही नव्हतं." मशीन थांबलं. "तुझा आवाज असा का येतोय?"

"काही नाही. आई, ते काढून एका कागदी पिशवीत घालून ठेव. कोरड्या. आणि कुणाला देऊ नकोस, इस्त्री करू नकोस."

"अगं पण—"

"आई, मी आल्यावर सांगते. सगळं सांगते. आत्ता विचारू नकोस." आईनं विचारलं नाही. आई म्हणाली, "ठेवते," आणि तो शब्द इतका हळू होता की आईला अर्धं कळलं असावं, असं तिला वाटलं.

मागच्या दारानं ती बाहेर पडली. पुढच्या दारात ट्रॉली होती. ऊन लख्ख, रस्त्यावर माणसं आपापल्या कामाला चाललेली, समोरच्या दुकानात कुणीतरी टायर ठोकत होतं. सगळं इतकं नेहमीसारखं की तिला त्याचाच राग आला. टॅक्सी मिळाली. सरकारी दवाखाना, एवढं ती म्हणाली. मग फोनमधल्या नावांत 'पिन कपडे' असं शोधलं आणि बटण दाबायला तीन चौक लागले. उचलणार नाही. कशाला उचलेल? तिसऱ्या घंटेला उचलला.

"बोल," पिन म्हणाली. नंबर तिनं काढून टाकला नव्हता.

काय बोलायचं ते ठरवलं होतं, त्यातलं काहीच आलं नाही. "मी चुकीचं सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुझी नाडी. ॲप्रनची. ती बदललेली होती. मी आज बघितली. माझ्या बुटाची पण."

पलीकडे एक लहान मूल कुठेतरी रडत होतं, दार लागलं, आवाज बंद झाला. पिन आत कुठेतरी एकटी गेली असावी.

"कधी?"

"काल दुपारी."

"कितीपर्यंतचं आठवतंय?"

"दोन दहा."

"बाथरूमला गेलीस?"

"गेले. आंघोळ पण केली."

"ठीक आहे. आता जाऊ नकोस. कितीही लागली तरी धरून ठेव. तिथे गेल्यावर सांग, पहिली तिथेच द्यायची, बाटलीत. कालची असली तरी सापडतं कधीकधी. रक्तही घ्यायला सांग. आंघोळ केलीस म्हणून परत पाठवायला लागले तर उठू नकोस, बसून राहा. कपडे?"

"आईनं धुतले."

"तरी मागव." पिनचा आवाज सपाट होता, पाठ केल्यासारखा. "आणि गोळी कुणाची होती ते विचारतील. खरं सांग. आपण सगळे घेत होतो ते पण सांग. एक लपवलंस की पुढचं सगळं खोटं धरतात."

"तुला हे सगळं—"

"नंतर कळलं. वाचून वाचून. तेव्हा उशीर झाला होता." मग पिन म्हणाली, "तेव्हा मी बारा दिवस घरात झोपून होते, कंटी. मला वाटायचं, तूच बरोबर असशील. तुझं काही चुकत नाही ना कधी."

टॅक्सीवाला आरशातून बघत होता. आपण रडतोय हे कंटीला त्याच्या नजरेवरून कळलं. "मला माफ कर" असं ती म्हणाली, मग पुन्हा म्हणाली. आणि ते किती अपुरं आहे हे ऐकू आल्यावर गप्प झाली. पिननं त्यावर हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

"तू येशील का?" तिनं विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं गेलं.

"नाही. मला दवाखान्याच्या त्या वासात बसवणार नाही. पण ऐक. पोलीस आले की विचारतील, ह्या माणसानं आधी कुणाला केलंय का. तेव्हा गप्प बसू नकोस. ते दोन फोटो दाखव. आणि माझं नाव सांग. बोलावलं तर मी येईन. आत्ता लिहून घे, म्हणजे घाबरून विसरणार नाहीस. आहे ना कागद?"

"आहे." तिनं पर्समधून कामाची वही काढली, पेन काढलं, कोऱ्या पानावर टेकवलं. आणि पेन तसंच राहिलं. पिन ह्या मुलीला केसात डावीकडून भांग, उजव्या कानामागे तीळ, ॲप्रनचा डावा खिसा उसवलेला, डब्यात रोज दोन बिस्किटं जास्तीची. चौदा महिने रोज भेटलेली मुलगी. टॅक्सी सिग्नलला उभी होती. पाठीमागून कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"लिहिलंस?" पिननं विचारलं.

कंटीनं पेन उचललं आणि पुन्हा टेकवलं.

"तुला माहीत नाही ना," पिन म्हणाली. रागावून नाही. तिला जणू हे आधीपासून ठाऊक होतं.

"नाही," कंटी म्हणाली. "सांग."

पिननं आपलं नाव सांगितलं, मग वडिलांचं, मग आडनाव. सावकाश, कुठे ऱ्हस्व कुठे दीर्घ तेसुद्धा. तिनं ते लिहून घेतलं आणि बरोबर आहे ना, म्हणून एकदा मोठ्यानं वाचून दाखवलं.